प्रेम वजा काहीतरी? सख्यभक्ती, वेणाबाई आणि 'प्लेटॉनिक' या शब्दाचा अर्थ

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : श्रीमद् दासबोध, दशक ४, समास ८ (सख्यभक्ती)
सोबत : नारदभक्तिसूत्रं २३, २४ आणि ५४

मंडळी, नवविधा भक्तीच्या दशकात आज आपण आठव्या पायरीवर आलो. श्रवण, कीर्तन, नामस्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य असे सात समास झाले. या सातही भक्तींत एक गोष्ट सोपी आहे. देव वर आहे, आपण खाली आहोत. कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं आहे. आठव्या समासात समर्थ एकदम आपल्याला देवाच्या शेजारी बसवतात. म्हणतात, आता त्याच्याशी मैत्री कर.

इथे आपण जरा अडखळतो. नमस्कार कसा करायचा हे लहानपणी आजीनं शिकवलेलं असतं. देवाशी मैत्री कशी करायची हे कोणीच शिकवलेलं नसतं. समर्थ मात्र अगदी व्यवहारातल्या भाषेत सांगतात. त्याला प्रेमानं बांधून घे. त्याला जे आवडतं तसं वाग. त्याच्या मैत्रीसाठी स्वतःच्या सुखाचा हट्ट सोड. आणि मनासारखं झालं नाही म्हणून त्याच्यावर रुसून बसू नको. पुढे ते पांडवांची आठवण देतात. ज्यांनी असं सख्य धरलं त्यांची काळजी देवाला लागली, आणि लाक्षागृह जळत असताना त्यानं त्यांना भुयारातून बाहेर काढलं.

आता हे वाचताना माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न घोळत होता, आणि तो आपल्या वयाच्या बऱ्याच जणांचा आहे. देवाशी सख्य ठीक आहे. पण माणसाशी? त्यातही एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं, ज्यांचं लग्न झालेलं नाही, व्हायचंही नाही, रक्ताचं नातं नाही, त्यांचं एकमेकांवर खरं प्रेम असू शकतं का? आपण त्याला पटकन 'प्लेटॉनिक' म्हणून मोकळे होतो. त्या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि आपल्या संतांकडे त्याचं काही उत्तर आहे का? आज यावरच बोलू.

वजाबाकीची व्याख्या

आपण 'प्लेटॉनिक' हा शब्द कधी वापरतो ते बघा. कोणी भुवया उंचावल्या की. "अरे, तसलं काही नाही. एकदम प्लेटॉनिक आहे." मराठीत बोलायचं तर "नुसती मैत्री आहे." म्हणजे आपल्या डोक्यातलं समीकरण असं असतं : प्रेम वजा शरीर बरोबर प्लेटॉनिक. जे नाही त्यावरून केलेली व्याख्या. आणि त्या 'नुसती' या शब्दात एक कमीपणा आहे. जणू खरी गोष्ट दुसरीकडे कुठेतरी आहे आणि आपल्याला तिची साधी आवृत्ती मिळाली. 'फ्रेंडझोन' हा शब्द तर मैत्रीला थेट शिक्षाच ठरवतो.

ज्याच्या नावानं हा शब्द आला त्या प्लेटोनं मात्र वजाबाकी केलेली नव्हती. इ.स.पू. चौथ्या शतकात त्यानं 'सिम्पोझियम' नावाचा संवाद लिहिला. एका घरी मेजवानीला मंडळी जमली आहेत आणि प्रत्येकजण प्रेमावर बोलतो आहे. सॉक्रेटिसची पाळी येते तेव्हा तो म्हणतो, मला हे ज्ञान दिओतिमा नावाच्या एका स्त्रीनं दिलं. दिओतिमा सांगते की प्रेम ही एक शिडी आहे. माणूस आधी एका सुंदर देहाकडे ओढला जातो. मग त्याच्या लक्षात येतं की सौंदर्य सगळ्याच देहांत आहे. मग देहापेक्षा मनाचं सौंदर्य मोठं वाटू लागतं. मग चांगल्या आचारांचं, नियमांचं, ज्ञानाचं. आणि शेवटी जे कधी वाढत नाही, कोमेजत नाही, असं मूळ सौंदर्यच समोर उभं राहतं.

'प्लेटॉनिक प्रेम' हे नाव बरंच नंतर, पंधराव्या शतकात, इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये मार्सिलिओ फिचिनो या विद्वानानं रूढ केलं. त्याच्याही मनात अर्थ तोच होता : एकमेकांच्या आधारानं ईश्वराकडे जाणारं प्रेम. पुढे युरोपात फिरता फिरता त्यातला ईश्वर गळून पडला आणि 'शरीर नाही' एवढंच शिल्लक राहिलं. आपल्या हातात आलं ते हे उरलेलं.

दिओतिमाची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती म्हणते, प्रेमाला काहीतरी जन्माला घालायचं असतं. देहाच्या प्रेमातून मुलं होतात. मनाच्या प्रेमातून काव्य, विचार, चांगल्या व्यवस्था जन्माला येतात. म्हणजे नातं कसं आहे हे ओळखायचं असेल तर त्यातून काय जन्माला आलं ते बघावं.

पण या शिडीत एक अडचणही आहे. शिडीच्या पायऱ्या चढून जायच्या असतात. वर पोचल्यावर खालच्या पायरीचं काय? ज्या माणसापासून सुरुवात केली तो मागेच राहिला का? त्याला वापरून आपण वर गेलो असं झालं नाही का? मला या प्रश्नाचं उत्तर ग्रीसमध्ये सापडलं नाही. आपल्याच कृष्णाकाठी, सातारा आणि सांगलीच्या मधल्या पट्ट्यात सापडलं.

मिरजेच्या अंगणातला एक प्रश्न

समर्थ संप्रदाय म्हटला की आपल्याला सज्जनगड, चाफळ आणि अकरा मारुती आठवतात. वेणाबाईंचं नाव त्यामानानं कमी घेतलं जातं. त्यांचं माहेर कोल्हापूरचं, सासर मिरजेच्या देशपांड्यांचं. लग्न लहानपणी झालं आणि वैधव्यही लहानपणीच आलं. सतराव्या शतकातल्या बालविधवेपुढे काय आयुष्य होतं हे वेगळं सांगायला नको. घरातला कोपरा, कामाचा ढीग आणि सणासुदीला समोर न येण्याची सक्ती.

संप्रदायात सांगतात ती कथा अशी. समर्थ भिक्षेला मिरजेत त्या घरी आले. छोटी वेणा तुळशीवृंदावनापाशी बसून एकनाथी भागवत वाचत होती. समर्थांनी विचारलं, "मुली, वाचतेस त्यातलं कळतं का?" तिनं सांगितलं की प्रश्न पुष्कळ पडतात, पण विचारायचे कोणाला? आणि मग तिनं ते समर्थांनाच विचारले.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यातली एक गोष्ट अलीकडेच लक्षात आली. समर्थांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो तिच्या समजुतीबद्दल. तिच्या दुर्दैवाबद्दल नाही, तिच्या वयाबद्दल नाही, पुढे काय करणार याबद्दलही नाही. आजूबाजूच्या सगळ्यांना ती विधवा दिसत होती. या एका माणसाला ती वाचणारी दिसली. मला वाटतं सख्याची सुरुवात इथे होते. समोरच्याला जग ज्या नावानं हाक मारतं त्याच्या पलीकडे तो खरा कोण आहे हे दिसणं.

पुढची कथा कडू आहे. वेणा समर्थांच्या कीर्तनाला जाऊ लागली, त्यांना गुरू मानू लागली आणि लोक बोलू लागले. एक तरुण विधवा आणि एक ब्रह्मचारी गोसावी, लोकांना तेवढं पुरलं. परंपरा सांगते की बदनामीच्या भीतीनं तिच्या घरच्याच माणसांनी तिला विष दिलं, आणि समर्थकृपेनं ती त्यातून वाचली. ही कथा तुम्ही श्रद्धेनं वाचा किंवा त्या काळाचं चित्र म्हणून वाचा. एक गोष्ट दोन्ही प्रकारे तीच राहते. चर्चा दोघांची झाली, पण विषाचा प्याला फक्त तिच्या हातात आला. आजही फार बदललं आहे असं नाही. अशा नात्यावर शंका घेतली गेली की जाब मुलीला विचारला जातो.

लांब पाठवणारं प्रेम

यानंतर समर्थांनी काय केलं? तिला शिकवलं. तिला कीर्तनाचा अधिकार दिला. विधवेनं लोकांसमोर उभं राहून कीर्तन करायचं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आणि शेवटी तिला मिरजेच्या मठाची जबाबदारी दिली. ज्या गावात तिच्याबद्दल कुजबुज झाली त्याच गावात ती मठपती म्हणून परत गेली. वेणास्वामींचा मठ मिरजेत आजही आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. समर्थ चाफळला, नंतर शिवाजी महाराजांच्या विनंतीवरून १६७६ पासून सज्जनगडावर. वेणाबाई मिरजेला. आज गाडीनं तीनेक तास लागतात, तेव्हा काही दिवसांचा प्रवास. जिथे खरा जिव्हाळा आहे तिथे माणूस जवळ ठेवून घ्यायला बघतो. समर्थांनी उलटं केलं. वेणाबाईंना मिरजेला पाठवलं, लाडक्या कल्याणस्वामींना डोमगावला पाठवलं. अक्काबाईंवर चाफळची जबाबदारी टाकली. समर्थांच्या पश्चात अक्काबाईंनी दिवाकर गोसाव्यांबरोबर तिथला आणि गडावरचा कारभार अनेक वर्षं सांभाळला. समर्थांनी माणसं घडवली आणि मोकळी सोडली.

प्लेटोच्या शिडीची अडचण इथे सुटते असं मला वाटतं. इथे कोणी कोणाची पायरी झालेलं नाही. दोघांचंही तोंड रामाकडे आहे आणि दोघंही आपापल्या गावी आपापल्या पायांवर उभे आहेत. नात्याला तिसरा बिंदू आहे, म्हणून दोघांमधलं अंतर वाढलं तरी नातं तुटत नाही.

आणि या नात्यातून काय जन्माला आलं? दिओतिमाची कसोटी लावून बघू. वेणाबाईंनी ग्रंथ लिहिले. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे 'सीतास्वयंवर'. जरा थांबा आणि विचार करा. जिचं स्वतःचं लग्न कळत्या वयाआधीच संपून गेलं, जिला लग्नघरात पुढे यायची बंदी, तिनं सीतेच्या लग्नाचा सोहळा लिहायला घेतला. शिकवणारे गुरू कोण, तर ज्यांच्याबद्दल आपण सगळे 'सावधान' शब्द ऐकून मांडवातून निघून गेल्याची गोष्ट सांगतो ते. या दोघांच्या नात्यातून एक लग्न जन्माला आलं, आणि ते दोघांपैकी कोणाचंच नव्हतं.

तिला त्या लग्नाचा हेवा वाटला असता तर तो ग्रंथ झाला नसता. सीतेच्या सुखात तिला स्वतःचं सुख दिसलं. हीच ओळ आपल्याला नारदांकडे घेऊन जाते.

नारदांची कसोटी

नारदभक्तिसूत्रांत गोपींच्या प्रेमाचं उदाहरण दिल्यावर नारद एक धोक्याची सूचना देतात. २३ व्या सूत्रात ते म्हणतात की समोरच्याचं माहात्म्य ओळखलेलं नसेल तर तेच प्रेम चोरट्या वासनेसारखं होतं. आणि २४ व्या सूत्रात कारण देतात : तशा ओढीत समोरच्याच्या सुखानं सुखी होणं नसतं.

बस, एवढंच. मला वाटतं प्रेमाची इतकी छोटी आणि इतकी कठोर कसोटी दुसरीकडे कुठे नसेल. नारद इथे 'शरीर आहे की नाही' असं विचारत नाहीत. ते विचारतात : त्याच्या सुखात तुला सुख आहे का? तू तिथे नसलास तरी?

या कसोटीवर नवरा-बायकोचं प्रेमही नापास होऊ शकतं आणि मैत्रीही. आणि दोन्ही पासही होऊ शकतात. म्हणजे 'प्लेटॉनिक' असणं ही आपोआप मिळणारी पवित्रता नाही. शरीर नसूनही एखादी मैत्री मालकी हक्कानं भरलेली असू शकते. मेसेजला उत्तर उशिरा आलं म्हणून दिवसभर धुसफुस, तिला दुसरे मित्र झाले म्हणून टोमणे. तिथे शरीर नाही, पण सख्यही नाही.

पुढे ५४ व्या सूत्रात नारद प्रेमाची लक्षणं सांगतात. ते गुणांवर अवलंबून नसतं, त्यात मागणी नसते, ते क्षणाक्षणाला वाढतं. गुणांवर अवलंबून नाही म्हणजे तू हुशार आहेस, गमतीदार आहेस, मला वेळ देतेस म्हणून प्रेम, असं नाही. हे कारण संपलं की प्रेम संपेल. मागणी नसेल तरच ते वाढत राहील.

आणि ज्यांना वाटतं की स्त्री-पुरुषांचं सख्य हे आजकालचं फॅड आहे, त्यांनी महाभारताचं वनपर्व काढावं. द्रौपदी कृष्णाला सांगते की चार कारणांसाठी तू माझं रक्षण केलंच पाहिजेस : आपलं नातं आहे, माझा मान आहे, आपलं सख्य आहे आणि तू समर्थ आहेस. नातं वेगळं मोजलं आणि सख्य वेगळं मोजलं. तिला दोन्हीतला फरक पक्का माहीत होता आणि दोन्ही शब्द सगळ्यांसमोर उच्चारायला तिला संकोच वाटला नाही. अर्जुनालाही भगवंत गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगतात की तू भक्त आहेस आणि सखाही आहेस, म्हणून हे रहस्य तुला सांगतो. सख्याला शास्त्रात इतकं वरचं स्थान आहे. आपणच त्याला 'नुसती' करून टाकलं.

हे माझ्यापर्यंत कसं आलं

इतकं सगळं मी पुस्तकी आवड म्हणून लिहीत नाहीये. थोडं स्वतःचं सांगतो.

माझी इंजिनिअरिंगपासूनची एक मैत्रीण आहे. दोघांनी सांगलीत शिक्षण घेतलं, दोघंही नोकरीसाठी पुण्यात आलो. एका दासनवमीला आम्ही ठरवलं की दर रविवारी सकाळी फोनवर दासबोधाचा एक समास वाचायचा आणि त्यावर बोलायचं. दासबोधाचे समास दोनशे. आठवड्याला एक धरला तर एका आवर्तनाला जवळपास चार वर्षं लागतात. आमचं एक आवर्तन पूर्ण झालं, दुसरं सुरू झालं. या काळात माझे बाबा आजारी होते, तिची नोकरी सुटली होती, दोघांचंही बरंवाईट बरंच होऊन गेलं. रविवारचा समास चुकला नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात खऱ्या नात्यांपैकी हे एक आहे.

मनात कधी काही आलंच नाही का, असं कोणी विचारेल. मन ते मन. त्यात काय येतं यावर आपला पूर्ण ताबा नसतो. आलेल्याचं काय करायचं यावर असतो. आम्ही वाचत राहिलो.

मग तिचं लग्न ठरलं. तिनं होणाऱ्या नवऱ्याला रविवारच्या वाचनाबद्दल पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. त्याला काही वाटलं नाही. पण दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना वाटलं. हा मुलगा कोण? दर रविवारी काय बोलता? लग्नानंतरही हे चालणार का? सगळे प्रश्न तिला विचारले गेले. मला कोणीही एक शब्द विचारला नाही. मिरजेची कथा मला तेव्हा नव्यानं कळली.

तिनं मला विचारलं, "थांबवायचं का?" खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याकडे मुद्दे तयार होते. आपण काही चुकीचं करत नाही, लोकांच्या बोलण्याला का भ्यायचं, द्रौपदी, कृष्ण, सगळं. आणि ते खोटेही नव्हते. पण किंमत मोजणार होती ती, आणि वाद घालणार होतो मी. मी म्हटलं, "तू ठरव. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे, आणि मी रुसणार नाही." सख्यभक्तीच्या समासातलं ते न रुसणं.

तिनं ठरवलं की नवं घर आहे, नवी माणसं आहेत, आधी त्यांच्याशी सूर जुळू दे, फोन थांबवू. तिचं लग्न मिरजेत झालं. मी सकाळी लवकर जाऊन वेणास्वामींच्या मठात डोकं टेकवलं आणि मग कार्यालयावर गेलो. पंगतीला वाढायला माणसं कमी होती, तर पदर खोचतात तसा रुमाल खोचून जिलबीचं ताट घेतलं. ती हसत होती. मला आनंद झाला. थोडं आत कुठेतरी दुखलंही. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

आता रविवारी तो समास ती तिच्या घरी वाचते, मी माझ्या. कुठला समास आहे हे दोघांनाही माहीत असतं. बोलणं होत नाही. काही वाचनांत अजूनही एखादं वाक्य आलं की वाटतं, हे तिला सांगायला हवं होतं. मग लक्षात येतं की ते तिनंही आत्ताच वाचलं असेल. पुढे कधी पुन्हा बोलू किंवा नाही. पण नातं कमी झालेलं नाही, कारण ते फोनवर उभं नव्हतंच.

मग ओळखायचं कसं?

वेणाबाईंच्या चरित्रातून आणि आजच्या वाचनातून मी स्वतःसाठी तीन प्रश्न काढले आहेत. कुठल्याही नात्याला ते लावता येतात.

१. हे उजेडात आहे का? वेणा अंगणात, तुळशीपाशी वाचत होती. तिची कीर्तनं लोकांसमोर होती. ज्या मैत्रीसाठी चॅट डिलीट करावं लागतं, जोडीदाराला अर्धंच सांगावं लागतं, तिला प्लेटॉनिक हे नाव देऊन उपयोग नाही. लपवणं सुरू झालं की थांबून बघावं.

२. दोघांपैकी जो दुबळा आहे तो बलवान होतो आहे का? हा प्रश्न गुरू-शिष्य नात्यात तर फारच महत्त्वाचा. आध्यात्मिक प्रेमाच्या नावाखाली माणसांना, विशेषतः मुलींना, परावलंबी करून ठेवणारे लोक प्रत्येक काळात होते आणि आहेत. समर्थांच्या सहवासात कोपऱ्यातली मुलगी मठपती झाली, कीर्तनकार झाली, ग्रंथकर्ती झाली. ज्याच्या जवळ राहून तुम्ही दिवसेंदिवस लहान होत असाल, घरच्यांपासून तुटत असाल, प्रश्न विचारायला घाबरत असाल, तिथून निघा. तो कितीही गोड बोलत असला तरी.

३. सोडता येईल का? तो माणूस दुसऱ्या गावी गेला, त्याचं लग्न झालं, त्याला तुमची गरज उरली नाही, तर त्याच्या सुखात तुम्ही उभे राहू शकाल का? दुखेल. ते चालेल. पण हिशोब मागायला जाणार नाही ना?

तिन्हींची उत्तरं 'हो' आली तर त्या नात्याला कुठलं नाव द्यायचं याची फार चिंता करू नका. सखा, सखी, मित्र, मैत्रीण, काहीही म्हणा. फक्त 'नुसती' हा शब्द काढून टाका.

पुन्हा देवाकडे

शेवटी हा समास माणसांच्या मैत्रीसाठी लिहिलेला नाही, देवाच्या मैत्रीसाठी आहे. पण मला वाटतं समर्थांनी सख्याला आठवी जागा दिली त्यात एक खुबी आहे. त्याच्यानंतर एकच भक्ती उरते, आत्मनिवेदन. म्हणजे स्वतःला पूर्ण देऊन टाकणं. ज्याला मित्राच्या सुखासाठी आपलं छोटंसं सुख सोडायचा सराव नाही, तो उद्या देवाला सगळं कसं देणार? माणसांवरचं निरपेक्ष प्रेम हा त्या शेवटच्या पायरीचा सराव आहे.

वेणाबाईंच्या शेवटाबद्दल संप्रदायात सांगतात की सज्जनगडावर समर्थांसमोर त्यांनी कीर्तन केलं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथेच देह सोडला. समर्थ तेव्हा हयात होते. गडावर गेलात की आपण सगळे समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतो, मारुतीला जातो, खाली उरमोडीचं पाणी बघत फोटो काढतो. पुढच्या वेळी वेणाबाईंच्या वृंदावनापाशी दोन मिनिटं थांबा. आयुष्यभर मिरजेत दूर राहिलेली ती मुलगी विसाव्याला इथे आली आहे.

आजच्या दिवसासाठी : ज्याच्याकडून तुम्हाला आता काहीही मिळायचं नाही अशा एका मित्राचं किंवा मैत्रिणीचं नाव आठवा. आज जपाला बसाल तेव्हा एक माळ त्याच्या सुखासाठी करा. त्याला सांगू नका.

उद्या दशक ४, समास ९ : आत्मनिवेदन.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥